पुन्हा मैदानात

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला क्रिकेट आवडते ना? जपानमधील मुलांना बेसबॉलचे असेच वेड आहे. हाही बॅट आणि चेंडूचा खेळ. कोणत्या खेळाडूला कधी खेळवायचे, हे संघाचा व्यवस्थापक ठरवतो. अशाच एका खेळाडूची आणि व्यवस्थापकाची ही गोष्ट आहे.

शिगेरू मिझुहारा यांचा जन्म १९०९ साली जपानमधील ताकामात्सु या गावी झाला. पुढे ते केइओ विद्यापीठाच्या संघातून खेळू लागले. त्यांच्याच भागातील ओसामु मिहारा हे वासेदा विद्यापीठाकडून खेळत. या दोन विद्यापीठांचे सामने फार चुरशीचे होत. तेव्हापासून दोघांची स्पर्धा सुरू झाली.

१९३६ साली मिझुहारा टोकियोच्या जायंट्स संघातून खेळू लागले. १९४२ साली ते लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरले. पण त्याच वर्षी त्यांना सैन्यात जावे लागले. १९४५ साली जपानचा पराभव झाला. रशियाने लाखो जपानी सैनिकांना सायबेरियात कैदेत ठेवले. मिझुहारा त्यांच्यापैकीच एक होते. कडाक्याची थंडी, अपुरे अन्न आणि कष्टाचे काम! तुम्हीच विचार करा, खेळाडूच्या उमेदीची वर्षे अशी गेली, तर त्याला काय वाटेल?

१९४९ च्या जुलै महिन्यात त्यांची सुटका झाली. टोकियोला येताच ते थेट मैदानावर गेले. प्रेक्षकांना वाकून नमस्कार करून त्यांनी आपण परत आल्याचे सांगितले. त्या वेळी जायंट्सचे व्यवस्थापक मिहारा होते. त्या वर्षी त्यांनी संघाला अजिंक्यपदही मिळवून दिले. तरीही १९५० साली त्यांची जागा मिझुहारांना देण्यात आली. मिहारांना याचे फार दुःख झाले. ते दूर फुकुओका शहरातील लायन्स संघाकडे गेले.

मिझुहारांच्या हाताखाली जायंट्स आठ वेळा लीगमध्ये पहिले आले. जपानमध्ये दोन लीग आहेत. त्या काळी दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी खेळत. आधी चार सामने जिंकणारा संघ जपानचा विजेता ठरतो. हे विजेतेपद जायंट्सने चार वेळा मिळवले. पण १९५६ आणि १९५७ साली मिहारांच्या लायन्सने त्यांना हरवले. १९५८ साली जायंट्सने पहिले तीनही सामने जिंकले. आता फक्त एक विजय हवा होता. पण पुढचे चारही सामने लायन्सने जिंकले!

मिझुहारा निराश होऊन बसले नाहीत. १९५९ साली सादाहारू ओह नावाचा तरुण गोलंदाज त्यांच्या संघात आला. त्याची खरी ताकद फलंदाजीत आहे, हे मिझुहारांनी ओळखले. त्यांनी त्याला गोलंदाजी सोडायला लावली. याच ओहने पुढे ८६८ होमरन काढले.

१९६० साली मिझुहारांनी जायंट्स संघ सोडला आणि तोएई फ्लायर्स या संघाची जबाबदारी घेतली. हा संघ तोपर्यंत एकदाही विजेता ठरला नव्हता. १९६२ साली मिझुहारांनी त्याला जपानचा विजेता केले. १९८२ साली त्यांचे निधन झाले.

मुलांनो, मिझुहारांच्या वाट्याला कैद आली आणि मोठे पराभवही आले. पण प्रत्येक वेळी ते पुन्हा मैदानात उतरले. तुमचाही एखादा डाव हातून जाईल. तेव्हा सायबेरियातून परतलेल्या या खेळाडूची आठवण ठेवा.