शांदोर किशफालुदी

शांदोर किशफालुदी (२७ सप्टेंबर, १७७२ – २८ ऑक्टोबर, १८४४) हे हंगेरियन भाषेतील कवी होते. प्रेमकवितांचा 'हिम्फी' हा संग्रह आणि बालाटोन सरोवराच्या परिसरातील दुर्गांवर रचलेली कथाकाव्ये यांसाठी ते ओळखले जातात. सरोवराच्या उत्तर काठावरील बादाचोन्य टेकडीच्या द्राक्षमळ्यांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

जीवन

किशफालुदी यांचा जन्म श्युमेग येथे एका उमराव घराण्यात झाला. नाटककार कारोय किशफालुदी हे त्यांचे धाकटे बंधू. प्रेसबर्ग येथील शिक्षणानंतर ते लष्करात गेले व व्हिएन्नातील हंगेरियन राजरक्षक दलात दाखल झाले. १७९५ साली बादाचोन्य येथे द्राक्षांच्या सुगीत त्यांची रोझा सेगेदी यांच्याशी भेट झाली, असे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी ते इटलीच्या आघाडीवर फ्रेंचांच्या हाती सापडले आणि दक्षिण फ्रान्समधील द्रागिन्यां येथे युद्धकैदी म्हणून राहिले. त्यांच्या प्रेमकवितेवर इटालियन कवी पेत्रार्क याचा ठसा आहे. सुटकेनंतर त्यांनी सैन्य सोडले आणि १८०० साली रोझा यांच्याशी विवाह केला.

बादाचोन्य

बादाचोन्य ही सपाट माथ्याची, सुमारे ४३८ मीटर उंचीची टेकडी लुप्त ज्वालामुखीचा अवशेष आहे. माथ्यावरील बेसाल्टची झीज होऊन उतारांवर आलेली माती, दिवसभर तापणारा काळा दगड आणि खाली सरोवराच्या पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश यांमुळे दक्षिण उतारावर द्राक्षे चांगली पिकतात. 'केकन्येल्यू' ही येथील खास जात. या नावाचा अर्थ निळ्या देठाची असा होतो. या उतारावरील मळा व घर रोझा यांच्याकडील होते. कडू औषधी वनस्पती घालून केलेल्या 'उर्मोश' या त्यांच्या वाइनचा मोठा लौकिक होता. साहित्याच्या इतिहासात त्या बहुधा केवळ कवीची प्रेरणा म्हणून येतात. मात्र बादाचोन्यच्या वाइनच्या इतिहासात त्यांचे स्थान स्वतंत्र आहे.

साहित्य

१८०१ साली 'हिम्फी'चा विरहविषयक पहिला भाग निनावी प्रसिद्ध झाला व अतिशय लोकप्रिय ठरला. तृप्त प्रेमाचा दुसरा भाग १८०७ साली आला. तो पहिल्याच्या तोडीचा नाही. यासाठी त्यांनी योजलेले बारा ओळींचे कडवे 'हिम्फी कडवे' म्हणून रूढ झाले. त्याच वर्षीच्या कथाकाव्यांतील चोबान्त्स, तातिका आणि शोमलो हे तिन्ही दुर्ग ज्वालामुखीजन्य टेकड्यांवर उभे आहेत.

समीक्षक फेरेंत्स काझिन्त्सी यांनी 'हिम्फी'तील पुनरुक्तीवर टीका केली. काझिन्त्सी नवे शब्द घडवून भाषा बदलू पाहत होते, तर किशफालुदी यांना रूढ भाषा पुरेशी वाटत होती. या वादात भाषासुधारकांची सरशी झाली आणि किशफालुदी हळूहळू मागे पडले. पुढील पिढीने त्यांच्याऐवजी कारोय यांना आपले नेते मानले.

उत्तरायुष्य

१८०९ च्या उमरावांच्या सैन्य-उठावणीत ते पॅलाटिन जोसेफ यांचे सहायक अधिकारी होते. बालाटोनफ्युरेद येथे १८३१ साली उघडलेल्या हंगेरियन भाषेतील नाट्यगृहासाठी त्यांनी देणग्या जमवल्या. १८३२ साली रोझा यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी दुसरा विवाह केला. श्युमेग येथेच त्यांचा मृत्यू झाला. १८४६ साली बालाटोनवर सुरू झालेल्या पहिल्या आगबोटीला 'किशफालुदी' हे नाव देण्यात आले. बादाचोन्य येथील घर आज रोझा सेगेदी यांच्या नावाने ओळखले जाते.