गुप्त भाषा रचणारा लेखक : जे. आर. आर. टोल्किन



मधल्या सुट्टीत तुम्ही कधी 'च'ची भाषा बोलला आहात का? शब्दातलं पहिलं अक्षर उचलून शेवटी ठेवायचं आणि त्याच्या जागी 'च' लावायचा. म्हणजे 'कमळ'चं होतं 'चमळक'. दोन मैत्रिणींना सगळं कळतं आणि शेजारी बसलेला नुसता तोंडाकडे बघत राहतो! काही दिवसांनी ती भाषा साऱ्या वर्गाला येऊ लागते, मग तिची मजा संपते आणि आपण ती विसरून जातो.

आज आपण अशा माणसाची ओळख करून घेणार आहोत, जो लहानपणीचा हा खेळ कधीच विसरला नाही. त्यांचे नाव जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन. 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या जगभर गाजलेल्या कादंबऱ्यांचे ते लेखक. पण गोष्टी लिहिण्याच्या कितीतरी आधी ते भाषा रचत होते, हे पुष्कळ जणांना माहीत नसते.

बालपण

टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन या गावी झाला. वडील आर्थर तेथे बँकेत व्यवस्थापक होते. तेथील कडक उन्हाळा लहानग्या रोनाल्डला सोसत नव्हता, म्हणून आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन १८९५ मध्ये इंग्लंडला आली. वडील मागाहून येणार होते, पण ते आलेच नाहीत. १८९६ मध्ये आजारपणात त्यांचा मृत्यू झाला.

आईने बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल नावाच्या खेड्यात लहानसे घर घेतले. पैसा बेताचाच होता. मुलांची पहिली शिक्षिका तीच झाली. तिने रोनाल्डला लॅटिन, फ्रेंच आणि जर्मन शिकवायला सुरुवात केली. त्याला शब्दांच्या अर्थाइतकाच त्यांचा आवाज आवडे. पुढे ते बर्मिंगहॅमच्या रेल्वेमार्गालगत राहायला गेले. तेथून वेल्समधल्या कोळशाच्या वाघिणी जायच्या. त्यांच्यावर लिहिलेली गावांची वेल्श नावे हा मुलगा वाचत राही. अर्थ काहीच कळत नसे, पण ती अक्षरे त्याच्या मनात जाऊन बसली.

१९०४ मध्ये मधुमेहाने आईही गेली. इन्सुलिनचा शोध तेव्हा लागलाच नव्हता. रोनाल्ड अवघा बारा वर्षांचा होता. आईच्या इच्छेप्रमाणे फादर फ्रान्सिस मॉर्गन हे धर्मगुरू मुलांचे पालक झाले आणि मुले मामीकडे राहू लागली. एके दिवशी त्या मामीने आईची सगळी पत्रे आणि कागद जाळून टाकले. मुलांना ते हवे असतील, हे तिच्या लक्षातच आले नाही. रोनाल्डला दिसली ती फक्त चुलीतली राख. आता विचार करा, आईकडून मिळालेलं त्या मुलाकडे काय उरलं असेल? तिची श्रद्धा, आणि तिने लावलेली भाषांची गोडी.

गाढव म्हणजे चाळीस!

मेरी आणि मार्जोरी या त्याच्या मावसबहिणी. त्यांनी प्राण्या-पक्ष्यांच्या नावांची एक गुप्त भाषा बनवली होती. तिचे नाव 'ॲनिमॅलिक'. तिच्यात 'गाढव' या शब्दाचा अर्थ चाळीस आणि 'चाळीस' या शब्दाचा अर्थ गाढव! मोठ्या माणसांसमोर कुणाला गाढव म्हटलं तरी पकडले जाण्याची भीती नाही.

मग मेरी आणि रोनाल्ड यांनी त्याहून अवघड भाषा तयार केली, 'नेव्हबॉश'. या नावाचा अर्थच 'नवा वेडगळपणा' असा होतो. इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन शब्द मोडूनतोडून ती बनवली होती. त्यानंतर रोनाल्डने एकट्यानेच 'नॅफरिन' रचली. तिच्यावर स्पॅनिशची छाप होती. १९०९ मध्ये त्याने एक छोटी वही भरली. तिच्यात एस्परांटो ही कृत्रिम भाषा वापरून स्वतःची गुप्त लिपी समजावून दिली होती.

शाळेतल्या एका मित्राने चुकून घेतलेले गॉथिक भाषेचे पुस्तक रोनाल्डने त्याच्याकडून विकत घेतले. गॉथिक ही केव्हाच लोप पावलेली भाषा. तिचे थोडेच शब्द शिल्लक आहेत. मग हा मुलगा काय करी? उरलेल्या शब्दांचे नियम शोधून काढी आणि हरवलेले शब्द कसे असतील ते स्वतः बनवी. इथे खेळाचा अभ्यास झाला बघा.

दुसरा वर्ग मिळाला तरी

१९११ मध्ये टोल्किन ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात दाखल झाले. विषय होता ग्रीक-लॅटिन साहित्य. पण ग्रंथालयात त्यांना फिनिश भाषेचे व्याकरण सापडले आणि ते त्यातच रमले. ठरलेला अभ्यास मागे पडला आणि १९१३ च्या परीक्षेत दुसरा वर्ग मिळाला. मात्र भाषाशास्त्राचा पेपर त्यांनी फार उत्तम सोडवला होता. कॉलेजने ते हेरले आणि त्यांना इंग्रजी भाषा-साहित्याकडे वळू दिले. १९१५ मध्ये ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

त्यांना भाषाशास्त्र शिकवणारे जोसेफ राइट यांचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लहानपणी ते दगडाच्या खाणीत गाढवगाडी हाकत, नंतर गिरणीत कामाला लागले. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना वाचता येत नव्हते. तोच मुलगा पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाला, तोही मॅक्सम्युलर यांच्या जागेवर! रोनाल्डने मित्राकडून घेतलेले गॉथिकचे पुस्तक याच राइट सरांनी लिहिलेले होते.

ठिपक्यांची भाषा

एडिथ ब्रॅट ही टोल्किन यांची मैत्रीण. तीही पोरकी होती. फादर मॉर्गन यांनी एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत तिला भेटायला आणि पत्र लिहायला बंदी केली. टोल्किन यांनी ती पाळली आणि एकविसाव्या वाढदिवशी तिला पत्र लिहिले. २२ मार्च १९१६ रोजी त्यांचे लग्न झाले.

पण पहिले महायुद्ध पेटले होते. जून महिन्यात टोल्किन यांना फ्रान्सच्या आघाडीवर जावे लागले. सैनिकांची पत्रे तेव्हा तपासली जात. आपण कुठे आहोत हे घरी कळवायला बंदी होती. मग या नवराबायकोने एक युक्ती आधीच ठरवून ठेवली होती. पत्रात विशिष्ट रीतीने ठिपके द्यायचे. तपासणाऱ्याला ते साधे ठिपके वाटत, पण एडिथ त्यावरून नवरा कोणत्या ठिकाणी आहे ते ओळखत असे.

बघा मित्रांनो, लहानपणी गंमत म्हणून केलेली गुप्त भाषा इथे केवढी कामाला आली! 'मी अजून जिवंत आहे आणि इथे आहे' एवढाच तिचा निरोप होता.

टोल्किन पलटणीत संदेशवहन अधिकारी होते. झेंडे, दिवे, टेलिफोन आणि कबुतरे यांनी निरोप पोहोचवण्याचे ते काम. सोमच्या लढाईत ते काही महिने होते. शाळेपासूनच्या चार जिवलग मित्रांपैकी ते एक. त्यांतले दोघे, रॉब गिल्सन आणि जेफ्री स्मिथ, त्याच वर्षी मरण पावले. टोल्किन यांना उवांमुळे पसरणारा खंदकज्वर झाला आणि नोव्हेंबरमध्ये ते मायदेशी परतले. त्या आजारपणानंतरच त्यांनी आपल्या काल्पनिक जगाच्या कथा लिहायला घेतल्या.

भाषेसाठी गोष्ट

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्याला वाटतं, लेखकाने आधी गोष्ट लिहिली असेल आणि मग पात्रांसाठी भाषा बनवली असेल. टोल्किन यांचं उलटं होतं. त्यांच्याकडे भाषा आधी होत्या. नुसती शब्दांची यादी म्हणजे भाषा नव्हे, हे त्यांना कळले होते. भाषेला बोलणारी माणसे लागतात, त्या माणसांना गाव, गाणी, भांडणे आणि इतिहास लागतो. म्हणून त्यांनी आपल्या भाषांना राहायला एक जग बांधून दिले.

त्यांच्या दोन भाषा विशेष प्रसिद्ध आहेत, क्वेन्या आणि सिंदारिन. क्वेन्यावर फिनिशची छाया आहे, तर सिंदारिनवर वेल्शची. म्हणजे त्या कोळशाच्या वाघिणींवरची नावे इथवर पोहोचली! या दोन्ही भाषा त्यांनी एकाच मूळ भाषेतून निघालेल्या दाखवल्या. झाडाला क्वेन्यात 'आल्दा' म्हणतात आणि सिंदारिनमध्ये 'गालाध'. दोन्हींचे मूळ एकच. आपल्याकडे संस्कृत 'हस्त'चे प्राकृतात 'हत्थ' झाले, आणि पुढे मराठीत 'हात' व हिंदीत 'हाथ' झाले, अगदी तसेच. फरक एवढाच की आपल्याकडे हे घडायला शेकडो वर्षे आणि लाखो माणसे लागली, तर टोल्किन यांनी ते एकट्याने कागदावर घडवले.

त्यांनी लिपीही तयार केली, 'तेंग्वार'. ती पाहिली की आपली वर्णमाला आठवते. उच्चार तोंडात कुठे होतो, यानुसार तिच्यात अक्षरांचे गट आहेत. 'त'च्या अक्षराला आणखी एक गोलाई दिली की 'द' होतो. तीच रीत 'प'ला लावली की 'ब'. आणि स्वर? ते बऱ्याचदा व्यंजनावर खुणा म्हणून दिले जातात, आपल्या मात्रांसारखे!

प्राध्यापक आणि लेखक

युद्धानंतर टोल्किन यांनी ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचे काम केले. तेथे त्यांच्या वाट्याला डब्ल्यू या अक्षराचे शब्द आले होते. १९२० मध्ये ते लीड्स विद्यापीठात शिकवू लागले. १९२५ मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले आणि १९५९ मध्ये निवृत्त झाले. आपल्या भाषा रचण्याच्या नादाबद्दल ते फारसे बोलत नसत. १९३१ मध्ये त्यांनी त्यावर एक भाषण दिले, त्याचे नावच होते 'एक गुप्त व्यसन'! मोठ्या माणसाने असा पोरखेळ करावा याचा संकोच त्यांनाही वाटत असणार.

उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याने कोरे सोडलेले पान हाती आले. त्यावर त्यांनी हॉबिट नावाच्या प्राण्याविषयी एक वाक्य लिहून ठेवले. त्यातून निघालेली कादंबरी १९३७ मध्ये आली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीन खंडांत १९५४-५५ मध्ये आली. २ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी टोल्किन यांचे निधन झाले. एडिथ दोन वर्षे आधीच गेल्या होत्या. दोघांच्या एकाच समाधीवर त्यांच्या नावांबरोबर 'बेरेन' आणि 'लूथिएन' ही त्यांच्याच कथेतील प्रेमिकांची नावे कोरली आहेत.

त्यांच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला. यात प्रत्येक खेळाडू योद्धा, जादूगार अशा एखाद्या पात्राची भूमिका घेतो. सुरुवातीला त्यात हॉबिटही होते, पुढे हक्कांच्या प्रश्नामुळे ते नाव बदलावे लागले. या खेळात चोरांची स्वतःची सांकेतिक बोलीही आहे. आज असे खेळ खेळणारी मुले आपल्या टोळीसाठी गुप्त भाषा रचतात, तेव्हा ती टोल्किन यांच्याच वाटेने चाललेली असतात.

करून पाहा

१. दोघे-तिघे मित्र मिळून एक काल्पनिक गाव ठरवा. तिथे डोंगर आहे की समुद्र? लोक काय खातात, कशाला भितात?
२. तुमच्या भाषेत कोणते आवाज येतील आणि कोणते मुळीच येणार नाहीत, ते लिहा. उदाहरणार्थ, 'ट'वर्ग नाही. भाषेचा स्वतःचा सूर यातूनच येतो.
३. दहा शब्द बनवा. आई, पाणी, भाकरी, वाट, भीती यांपासून सुरुवात करा.
४. अनेकवचनाचा एकच नियम ठरवा आणि तो सगळ्या शब्दांना लावा.
५. आता त्या गावातली एक छोटी गोष्ट लिहा आणि तुमचे दहाही शब्द तिच्यात वापरा.

आणि पालकहो, तुमच्यासाठीही एक विनंती. मूल वहीच्या मागच्या पानावर विचित्र अक्षरं काढताना दिसलं, तर ते पान फाडू नका. शेजारी बसा आणि त्यातला एक शब्द शिकवायला सांगा.