कीर्तीचा धनी, मिळकतीचा परका

कलावंताला कीर्ती लाभली की संपत्ती तिच्यामागून चालत येते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वस्तूला बाजारात भाव येणे आणि त्या भावावर तिच्या कर्त्याचा हक्क असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली ग्राहक ठरवितो, दुसरी कायदा. ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रकार आल्बर्ट नामाटजिरा यांचे जीवन या भेदाची साक्ष देते.

मध्य ऑस्ट्रेलियातील हर्मन्सबर्ग येथील ल्यूथरन मिशनमध्ये १९०२ साली, अरेर्न्टे समाजात, त्यांचा जन्म झाला. १९३६ साली रेक्स बॅटरबी हे गोरे चित्रकार त्या भागात आले, तेव्हा नामाटजिरांनी त्यांचे उंट हाकले व मोबदल्यात जलरंगांचे तंत्र आत्मसात केले. दोनच वर्षांनी मेलबर्न येथे त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि सर्व चित्रे विकली गेली. मॅकडॉनेल पर्वतरांगांचे जांभळे कडे आणि शुभ्र खोडांचे वृक्ष शहरी दिवाणखान्यांत पोहोचले. काही समीक्षकांनी त्यांना युरोपीय शैलीचे अनुकरण म्हणून हिणविले. परंतु त्या कड्यांशी व घळींशी त्यांच्या पूर्वजांच्या कथा निगडित होत्या. तंत्र उसने असले, तरी भूमीचे ज्ञान वारशाचे होते, हे पुढील पिढीने ओळखले.

उत्पन्नावर प्राप्तिकर मात्र तत्परतेने आकारला गेला. कर देणाऱ्या या माणसाने १९४९ साली गुरे चारण्यासाठी जमिनीचा पट्टा मागितला. तो नाकारला गेला. पुढे एलिस स्प्रिंग्ज येथे घर बांधू पाहिले, तर आदिवासी म्हणून तेही शक्य झाले नाही. १९५४ साली कॅनबेरात एलिझाबेथ राणीशी त्यांची भेट घडविण्यात आली. पण स्वतःच्या प्रदेशात त्यांना छपराचा हक्क नव्हता.

१९५७ साली त्यांना व पत्नी रुबिना यांना नागरिकत्वाचे हक्क मिळाले. मुलांना व आप्तांना ते मिळाले नाहीत. अरेर्न्टे रीतीप्रमाणे मिळकत आप्तांत वाटून घ्यावयाची असते; कायद्याला मात्र आदिवासी आप्तास मद्य देणे हा गुन्हा वाटे. १९५८ साली याच आरोपावरून त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलात ती तीन महिन्यांवर आली आणि पापुन्या येथे दोन महिने भोगून ते सुटले. ऑगस्ट १९५९ मध्ये, वयाच्या ५७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मृत्यूनेही हिशेब संपला नाही. १९८३ साली त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी विश्वस्ताने चित्रांचे स्वामित्वहक्क एका प्रकाशनसंस्थेस अवघ्या ८,५०० डॉलरांना विकले. पुढची ३४ वर्षे आजोबांच्या चित्रांच्या प्रतिकृतींवर त्यांच्याच वंशजांचा अधिकार नव्हता. अखेर २०१७ साली ते हक्क कुटुंबाच्या न्यासाकडे परत आले. तथापि ऑस्ट्रेलियन कायद्यानुसार कर्त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी, म्हणजे २०२९च्या अखेरीस, ते संपुष्टात येतील. परतफेड झाली, पण उपभोगाची मुदत बारा वर्षांचीच उरली.

आदिवासी कलेचा गौरव आज जगभर होतो. प्रदर्शने भरतात, पदके दिली जातात. परंतु जमीन, करार आणि स्वामित्व यांवर कलावंताचा व त्याच्या समाजाचा हक्क नसेल, तर त्या गौरवाचे व्याज दुसऱ्याच्याच खात्यावर जमा होते. वारसा जतन करावयाचा, तर आधी वारसदारांना मालक मानावे लागेल.