फ्रिट्झ लँग : इंजिनिअरिंग सोडलेला माणूस आणि हरवलेली पंचवीस मिनिटं

मित्रांनो, मॅथ्स-थ्रीच्या पेपरनंतर इंजिनिअरिंग सोडून देण्याचा विचार ज्याच्या मनात एकदाही आला नाही असा प्राणी आपल्या कॉलेजात सापडणं कठीण आहे. बहुतेक जण विचार करतात, कँटीनचा कटिंग पितात आणि परत सबमिशनच्या मागे लागतात. व्हिएन्नातल्या एका मुलाने मात्र हा विचार खरोखर अमलात आणला. त्याचे वडील अँटन लँग बांधकामाच्या व्यवसायात होते. मुलाने सिव्हिल करून धंद्यात यावं ही साधी सरळ अपेक्षा. मुलाने तिथल्या टेक्निकल कॉलेजात नाव घातलं, थोडे दिवस काढले आणि चित्रकलेसाठी ते सोडून दिलं. ५ डिसेंबर १८९० ला जन्मलेला हा मुलगा म्हणजे 'मेट्रोपोलिस' काढणारा फ्रिट्झ लँग!

मी 'मेट्रोपोलिस' तीनदा पाहिलाय आणि तिन्ही वेळा तो वेगळा सिनेमा होता. पहिल्यांदा पाहिला तो जेमतेम ८० मिनिटांचा, रंग भरलेला आणि वर रॉक म्युझिक चढवलेला. दुसऱ्यांदा दोन तासांचा, मधेमधे काळ्या पडद्यावर हरवलेल्या सीनची माहिती देणारा. तिसऱ्यांदा जवळजवळ अडीच तासांचा. एकाच सिनेमाच्या इतक्या आवृत्त्या कशा? याचं उत्तर शोधता शोधता मी लँगच्या आयुष्याशी येऊन पोचले, आणि तिथेही तोच प्रकार निघाला. या माणसाच्या आयुष्याच्याही दोन आवृत्त्या आहेत.

पण आधी सुरुवातीपासून. घर सोडून लँग भटकला, पॅरिसमध्ये चित्रं काढून राहिला. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झाला. अनेकदा जखमी झाला. हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्याने सिनेमाच्या गोष्टी लिहायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावर बर्लिनला गेला आणि निर्माता एरिक पॉमरने त्याला कामाला घेतलं. १९१९ मध्ये दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिला सिनेमा आला, 'हाल्बब्लूट'. तो आज कुठेही उपलब्ध नाही. म्हणजे या माणसाच्या करिअरचं पहिलं पानच फाटलेलं आहे.

१९२२ मध्ये त्याने लेखिका थेआ फॉन हार्बूशी लग्न केलं. ती पटकथा लिहायची, तो दिग्दर्शन करायचा. 'डॉक्टर माबुझे', 'निबेलुंगेन' असे एकापेक्षा एक मोठे सिनेमे या जोडीने दिले. ऑक्टोबर १९२४ मध्ये लँग न्यूयॉर्कला गेला. रात्रीच्या दिव्यांत झगमगणाऱ्या त्या उंच इमारती पाहून आपल्याला 'मेट्रोपोलिस' सुचला असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. गंमत म्हणजे पटकथेचं काम त्याच्या आधीच सुरू झालेलं होतं! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जरा आपल्या लाइनचं बोलू. 'मेट्रोपोलिस'चं शूटिंग मे १९२५ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर १९२६ पर्यंत चाललं. खर्च ५० लाख मार्कांच्या वर गेला, म्हणजे ठरलेल्या बजेटच्या तिपटीहून जास्त. कॉम्प्युटर ग्राफिक्स नव्हतं, तरी पडद्यावर गगनचुंबी इमारतींच्या मधून पूल, गाड्या आणि विमानं दिसतात. काही सीनसाठी ऑयगेन शुफ्तान या कॅमेरामनची युक्ती वापरली. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत आरसा ठेवायचा. त्यात बाजूला ठेवलेल्या छोट्या मॉडेलचं प्रतिबिंब दिसतं. मग जिथे माणसं दिसायला हवीत तेवढ्याच जागेवरचा चांदीचा थर खरवडून काढायचा. त्या पारदर्शक भागातून लांब उभे असलेले खरे नट दिसतात आणि मॉडेलमधल्या अवाढव्य इमारतीत ते चालताहेत असं वाटतं. बारावीचं ऑप्टिक्स, दुसरं काही नाही! पण सुचायला हवं ना?

गोष्ट थोडक्यात अशी. वर श्रीमंतांचं शहर, खाली जमिनीच्या पोटात कामगारांचं. शहराचा मालक फ्रेडरसन, त्याचा मुलगा फ्रेडर, कामगारांना धीर देणारी मारिया आणि रोटवांग नावाचा संशोधक. रोटवांग एक यंत्रमानव बनवतो आणि त्याला मारियाचं रूप देतो. पुढे जो काय गोंधळ होतो तो प्रत्यक्षच पाहा.

१० जानेवारी १९२७ ला बर्लिनमध्ये प्रीमियर झाला. तेव्हा फिल्मची लांबी होती ४१८९ मीटर. ही लांबी फार दिवस टिकली नाही. सिनेमा चालला नाही, कंपनी कर्जात बुडालेली. अमेरिकेतल्या वितरकांनी तर आधीच कात्री हातात घेतली होती. त्यांच्या आवृत्तीतून एक पात्रच उडालं : हेल. हेल म्हणजे फ्रेडरची मेलेली आई. रोटवांगचं तिच्यावर प्रेम होतं, तिने लग्न मात्र फ्रेडरसनशी केलं. रोटवांग यंत्रमानव बनवतो तो तिच्यासाठी. पण हे नाव इंग्रजीत नरकासारखं ऐकू येतं म्हणून ते काढलं, आणि त्याबरोबर रोटवांगचं दुःखही गेलं. उरला काय, तर पिंजारलेल्या केसांचा एक वेडा सायंटिस्ट. पुढे कित्येक वर्षं लोकांनी पाहिला तो हाच रोटवांग. मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही आहे. कात्रीने नुसती लांबी कमी होत नाही, माणसाच्या वागण्यामागचं कारण नाहीसं होतं.

लँग मात्र थांबला नाही. १९२९ मध्ये 'फ्राऊ इम मोंड' आला. चंद्रावर जाणाऱ्या या गोष्टीसाठी रॉकेटतज्ज्ञ हेर्मान ओबर्थ सल्लागार होता. रॉकेट सुटताना आकडे उलटे मोजत शून्यावर यायचं ही कल्पना या सिनेमाने रूढ केली असं मानलं जातं. श्रीहरिकोटाचं लॉन्च टीव्हीवर बघताना आपण श्वास रोखून जे ऐकतो, त्याची सुरुवात एका मूकपटात झाली! १९३१ मध्ये त्याचा पहिला बोलपट 'एम' आला. लहान मुलांच्या खुन्याची ती गोष्ट आजही अंगावर काटा आणते.

मग १९३३ साल उजाडलं. हिटलर सत्तेवर आला आणि लँगच्या नव्या माबुझे सिनेमावर बंदी आली. घरातही फाटलं होतं. थेआ नाझींच्या बाजूला झुकली, पुढे पक्षाची सभासदही झाली. तिच्या आयुष्यात एक भारतीय पत्रकारही आला होता, आणि तो चक्क मराठी होता. बेळगावकडचे आयी तेंडुलकर. (नाही, सचिनचे कोणी नव्हेत!) लँग आणि थेआचा १९३३ मध्ये घटस्फोट झाला. थेआने नंतर तेंडुलकरांशी गुपचूप लग्न केलं आणि महायुद्धाच्या तोंडावर ते भारतात परतले. 'मेट्रोपोलिस' लिहिणारी बाई बेळगावच्या माणसाची बायको होती हे वाचून मी पाच मिनिटं पुस्तक मिटून बसले होते.

याच वर्षाबद्दल लँग एक किस्सा सांगायचा. गोबेल्सने त्याला ऑफिसात बोलावलं आणि जर्मन सिनेमाचं प्रमुखपद देऊ केलं. लँगची आई जन्माने ज्यू होती. तो घाबरला, घड्याळाकडे पाहत राहिला, बँक बंद होऊन गेली आणि त्याच रात्री होतं तेवढं घेऊन तो पॅरिसच्या गाडीत बसला. एकदम फिल्मी! पण त्याचा पासपोर्ट शिल्लक राहिला. त्यावरचे शिक्के सांगतात की त्या वर्षी तो जर्मनीतून अनेकदा बाहेर गेला आणि परत आला, शेवटचा गेला तो जुलैच्या अखेरीला. म्हणजे एका रात्रीत पळून जाणं ही त्याने स्वतः एडिट केलेली आवृत्ती होती. काही महिन्यांची घालमेल, मागे-पुढे होणं, पैशांची जुळवाजुळव, हे सगळं त्याने कापलं. न्यूयॉर्कच्या दिव्यांची गोष्टही तशीच. स्वतःच्या सिनेमाला कात्री लावणाऱ्यांवर चिडणारा हा माणूस स्वतःच्या आयुष्याला मात्र सराईतपणे कात्री लावत होता! यामुळे तो मला लहान वाटत नाही, उलट जास्त खरा वाटतो. घाबरलेला माणूस एका रात्रीत ठरवत नाही, तो महिनोन्‌महिने ठरवतो. आणि ही मूळ गोष्ट सांगितल्या गोष्टीपेक्षा जास्त करुण आहे.

पुढे पॅरिसमार्गे तो अमेरिकेला गेला. १९३६ मध्ये 'फ्युरी', १९५३ मध्ये 'द बिग हीट' असे जवळजवळ वीस वर्षं हॉलिवूडमध्ये सिनेमे केले. मग जर्मनीत परतून, थेआच्या जुन्या कथेवरून भारतातल्या एका संस्थानाची गोष्ट दोन भागांत केली. तिचं शूटिंग उदयपूरला झालं आणि १९५९ मध्ये दोन्ही भाग आले. अमेरिकेत काय झालं असेल? बरोब्बर! दोन सिनेमे कापून एक केला. १९६० मध्ये त्याने शेवटचा सिनेमा केला. दृष्टी अधू होत गेली. २ ऑगस्ट १९७६ ला बेव्हर्ली हिल्समध्ये तो वारला. 'मेट्रोपोलिस'ची पूर्ण आवृत्ती कायमची गेली असंच तेव्हा जग समजत होतं.

आता इथे माझी दुसरी आवड येते, फुटबॉल. माझी टीम अर्जेंटिना आणि होस्टेलवर माझ्याशी भांडणाऱ्या अर्ध्या मुली ब्राझीलच्या. लँगच्या बाबतीत हा सामना बरोबरीत सुटलाय! त्याचे १९२० आणि १९२१ चे दोन हरवलेले सिनेमे १९८० च्या दशकात ब्राझीलमध्ये, साओ पावलोच्या फिल्म संग्रहात सापडले. आणि २००८ मध्ये अर्जेंटिनाने गोल केला. बुएनोस आयरेसच्या सिनेमा म्युझियममध्ये 'मेट्रोपोलिस'ची जवळजवळ पूर्ण प्रत निघाली.

तिचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. कात्री लागण्याआधीची प्रत एका वितरकाने अर्जेंटिनात नेली होती. १९२८ मध्ये तिथे ती दाखवली गेली. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम ऑलिंपिकच्या फायनलमध्ये अर्जेंटिना उरुग्वेकडून हरली होती. मग ती प्रत एका समीक्षकाच्या संग्रहात गेली, तिथून सरकारी संस्थेकडे आणि १९९२ मध्ये म्युझियमकडे. जुनी नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही म्हणून मधल्या काळात तिची १६ मिलिमीटरवर कॉपी केली आणि मूळ रिळं नष्ट झाली. कॉपी करताना ओरखडे आणि तेलाचे डाग साफ केले नव्हते, तेही सगळे कायमचे छापले गेले. फर्नांदो पेन्या नावाच्या अभ्यासकाने ऐकलं होतं की फार पूर्वी एका शोला फिल्म नीट चालावी म्हणून कोणीतरी दोन तासांवर प्रोजेक्टरवर बोट दाबून उभं होतं. त्याने हिशोब केला. दोन तासांवर? म्हणजे ही प्रत लांब आहे! वीसेक वर्षांनी म्युझियमच्या संचालिका पाउला फेलिक्स-दिदिए यांच्या मदतीने डबे उघडले गेले आणि त्याचा हिशोब बरोबर निघाला.

सुमारे २५ मिनिटं परत आली. १२ फेब्रुवारी २०१० ला बर्लिनमध्ये नवी आवृत्ती दाखवली गेली. तिच्यात सापडलेले शॉट्स लगेच ओळखू येतात. पावसासारखे ओरखडे, आणि फ्रेम छोटी झाल्याने कडेला काळी पट्टी. पण त्या ओरखड्यांच्या मागे हेलचा पुतळा उभा आहे आणि रोटवांग वेडा नाही, दुःखी आहे. एवढं करूनही दोन सीन अजून बेपत्ताच आहेत.

फुटबॉलवाल्यांना हे दुःख चांगलं कळेल. १९३० च्या पहिल्या वर्ल्ड कपची फायनल, उरुग्वे ४, अर्जेंटिना २. हाफ टाइमला आपण २-१ ने पुढे होतो! आज त्या मॅचचे फक्त तुकडे पाहायला मिळतात. १९५४ ची बर्नची फायनल, जर्मनीने हंगेरीला ३-२ ने हरवलं तीही, अखंड पाहायची सोय नाही. थेआ बर्लिनमध्ये वारली ती त्याच्या तीनच दिवस आधी, १ जुलैला. आणि आपल्याकडे? १९३१ च्या 'आलम आरा'ची प्रत नाही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या सिनेमांची मूळ रिळं गेली.

कोणी म्हणेल, नवी चकाचक आवृत्ती असताना जुनं ठेवायचं कशाला? मला वाटतं, म्हणूनच ठेवायचं. नवी आवृत्ती काय झालं ते सांगते, जुनी का झालं ते सांगते. लँगचा पासपोर्ट कोणी रद्दीत टाकला असता तर आपल्याकडे फक्त एक मस्त किस्सा उरला असता, माणूस नाही. तेव्हा मित्रांनो, घरातल्या माळ्यावरच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट्स, आजोबांनी खरवडून लिहिलेल्या डायऱ्या, बुरशी लागलेले निगेटिव्ह फेकायच्या आधी एकदा डबा उघडून पाहा. लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा आत कदाचित पंचवीस मिनिटं जास्त असतील!