भाड्याच्या घरातले चौदा उन्हाळे

छोटी टोपली भरून रानटी स्ट्रॉबेरी तोडायला किती वेळ लागत असेल? अ‍ॅलिस टोकलसला चांगला तासभर लागायचा. इवलीशी फळं, तीही पानांआड दडलेली. सकाळी लवकर उठून, कमरेत वाकून ती एकेक फळ तोडायची. टोपली कुणासाठी, तर घरात अजून झोपलेल्या गर्ट्रूडच्या न्याहारीसाठी.

हे गाव होतं बिलिन्यां. फ्रान्सच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात, बेले या लहान शहराजवळची चिमुकली वस्ती. अ‍ॅलिस तिथली नव्हती. ती अमेरिकेची, सॅन फ्रान्सिस्कोची. जन्म १८७७ चा. विशीत असतानाच आई गेली आणि आजोबा, वडील, भाऊ अशा पुरुषांच्या घराची जबाबदारी हिच्यावर आली. पियानो छान वाजवायची, पण दिवस जायचा तो स्वयंपाक आणि घरखर्चाच्या हिशेबात. १९०७ साली तिशीच्या अ‍ॅलिसने धाडस केलं आणि ती पॅरिसला आली. तिथे तिला गर्ट्रूड स्टाइन भेटली. तीही अमेरिकन. लेखिका, चित्रांची मोठी पारखी, पिकासोची मैत्रीण. १९१० मध्ये अ‍ॅलिस तिच्या घरी राहायला आली आणि मग दोघींनी जन्मभराच्या जोडीदार म्हणून एकत्र संसार केला.

त्या संसारातली कामाची वाटणी मात्र आपल्या चांगल्याच ओळखीची आहे, मैत्रिणींनो! गर्ट्रूड लिहायची आणि पाहुण्यांशी गप्पा मारायची. स्वयंपाकाची व्यवस्था, बाजारहाट, भरतकाम सारं अ‍ॅलिसकडे. गर्ट्रूडचं अगम्य अक्षर लावून हस्तलिखितं टाईप करायची तीही अ‍ॅलिसच. प्रकाशक मिळेनात, तेव्हा १९३० साली दोघींनी पिकासोचं एक चित्र विकून स्वतःच पुस्तकं छापायला घेतली. ते कामही तिनेच सांभाळलं.

बेले परिसरात त्या आधीपासून उन्हाळ्यात यायच्या आणि हॉटेलात उतरायच्या. एक दिवस दरीच्या पलीकडून बिलिन्यांचं एक जुनं घर दिसलं आणि दोघी त्याच्या प्रेमातच पडल्या. तिथे एक लष्करी अधिकारी भाड्याने राहत होता. त्याची बदली होईपर्यंत थांबून, घर आतून न पाहताच त्यांनी १९२९ साली ते भाड्याने घेतलं.

घरापुढे सुबक फुलबाग होती, पण अ‍ॅलिसचा जीव रमला तो भाजीच्या मळ्यात. तिथे तण माजलेलं. ते उपटून, माती भुसभुशीत करून तिने वाफे धरले. मटार, घेवडा, टोमॅटो, मुळे, पालेभाजी. मटार कोवळा असतानाच तोडायचा, सॅलडची पानं कडक ऊन व्हायच्या आत आणायची, ही शिस्त ती हळूहळू शिकली. मे महिन्यात पहिल्यांदा भाजी हाताला लागली, की तिला नव्या बाळंतिणीसारखा आनंद व्हायचा. शहरात वाढलेल्या बाईला पन्नाशी उलटल्यावर माती सापडली होती.

दुपारी गर्ट्रूड त्यांच्या पांढऱ्या कुत्र्याला, बास्केटला, घेऊन शेतांतून फिरायला जायची आणि शेतकऱ्यांशी बोलत बसायची. पॅरिसहून, अमेरिकेहून मोठमोठी लेखक-चित्रकार मंडळी यायची. मळ्यातल्या ताज्या भाज्या पानात पडायच्या आणि जेवणाचं कौतुक व्हायचं. मैफल मात्र गर्ट्रूडची. पाहुण्यांच्या बायकांशी बोलत बसणं हे अ‍ॅलिसचं काम, असा त्या घराचा रिवाजच होता.

याच घरात १९३२ च्या शरद ऋतूत एक गंमत घडली. गर्ट्रूडने सहा आठवड्यांत एक पुस्तक लिहिलं. त्याचं नाव होतं ‘अ‍ॅलिस बी. टोकलसचं आत्मचरित्र’! म्हणजे आयुष्य अ‍ॅलिसचं, बोलण्याची ढब अ‍ॅलिसची, लेखिका मात्र गर्ट्रूड. १९३३ साली ते छापून आलं आणि गर्ट्रूड जगप्रसिद्ध झाली. अ‍ॅलिसचं नावही घरोघरी पोचलं, पण पुस्तकाच्या शीर्षकातून.

मग युद्ध आलं. १९३९ च्या सप्टेंबरात दोघी बिलिन्यांतच होत्या. धावतपळत पॅरिसला जाऊन त्यांनी गरम कपडे आणि दोन आवडती चित्रं आणली. फ्रान्स पडल्यावर मायदेशी परतायचा सल्ला मिळाला, तरी त्या तिथेच राहिल्या. दोघी ज्यू. जिवाला धोका होता. विशी सरकारातल्या एका वजनदार मित्राचा आधार त्यांना होता. गर्ट्रूडने त्या सरकारच्या प्रमुखाची भाषणं इंग्रजीत आणायला घेतली होती. तिच्यावर त्याबद्दल आजही टीका होते. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी धरलेलं मौनही त्यांच्या कामी आलं. तिथून फार लांब नसलेल्या इझ्यू गावातल्या आश्रमातली ४४ ज्यू मुलं ६ एप्रिल १९४४ ला नाझींनी पकडून नेली, हे लक्षात घेतलं की त्या मौनाचं मोल कळतं.

लोणी, दूध, मांस मिळेनासं झालं, तेव्हा अ‍ॅलिसच्या मळ्याने घर तारलं. जपून आणलेल्या दोन चित्रांपैकी सेझानचं चित्र अन्नासाठी विकावं लागलं. फळांचा केक करायला लागणारी सुकी, पाकवलेली फळं मात्र तिने कशालाही न वापरता ठेवून दिली. युद्ध संपेल त्या दिवसासाठी! १९४३ च्या फेब्रुवारीत मालकांनी घर परत घेतलं. ऐन हिवाळ्यात, चौदा वर्षं कसलेला मळा सोडून त्या जवळच्या क्युलोज गावी गेल्या. १९४४ च्या उन्हाळ्याअखेरीस तो भाग मुक्त झाला आणि जपलेल्या फळांचा केक अखेर भट्टीत गेला.

१९४६ च्या जुलैत गर्ट्रूड गेली. चित्रं अ‍ॅलिसच्या हयातीपर्यंत तिच्याकडे राहावीत, असं मृत्युपत्रात होतं, पण कायद्याच्या नजरेत ती कुणीच नव्हती. १९६१ साली ती परगावी असताना वारसांनी भिंतींवरची चित्रं हलवली. परतली तर समोर नुसत्या भिंती. पुढे पॅरिसचं राहतं घरही सुटलं. चाळीस वर्षं घर चालवलं, पण तिच्या नावावर काय होतं?

एक गोष्ट होती. पैशांची चणचण आणि अंगात कावीळ, अशा अवस्थेत तिने पाककृतींचं पुस्तक लिहिलं. स्वतः पथ्याचं खात होती आणि लिहीत होती लोणी-सायीचं! त्यात बिलिन्यांच्या भाजीमळ्यावर अख्खं प्रकरण आहे. १९५४ साली पुस्तक आलं तेव्हा ती ७७ वर्षांची होती. या वेळी नाव तिचं आणि शब्दही तिचेच. ते पुस्तक लोक आजही वाचतात.

७ मार्च १९६७ रोजी ती गेली. पॅरिसच्या स्मशानात गर्ट्रूडशेजारीच तिला जागा मिळाली. समाधीच्या दगडावर समोर गर्ट्रूडचं नाव आहे. अ‍ॅलिसचं नाव वाचायचं, तर वळसा घालून दगडाच्या मागे जावं लागतं.

आपल्याही घरांत अशी नावं असतील. कुणाची आजी, कुणाची आत्या. तिच्या हातचे पदार्थ सगळ्यांना आठवतात. तिच्या मसाल्याचं प्रमाण मात्र कुणी लिहून ठेवलेलं नसतं. अजून वेळ असेल, तर या सुट्टीत तिच्याजवळ वही घेऊन बसा. आणि वहीवर नाव तिचंच घाला, पहिल्या पानावर.