रॉबर्ट आर. विल्सन

रॉबर्ट रॅथबन विल्सन (जन्म : फ्रंटियर, वायोमिंग, ४ मार्च १९१४, मृत्यू : इथाका, न्यू यॉर्क, १६ जानेवारी २०००) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ, कणत्वरकांचे रचनाकार व शिल्पकार होते. कर्करोगावर प्रोटॉनच्या झोताने उपचार करण्याची कल्पना त्यांनी १९४६ साली मांडली. प्रोटॉन किरणोपचाराचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

शिक्षण व युद्धकाळ

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सायक्लोट्रॉनचे जनक अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून विल्सन यांनी १९४० साली डॉक्टरेट मिळविली. काही काळ प्रिन्स्टन येथे काम केल्यावर ते लॉस ॲलामॉस येथील अणुबाँब प्रकल्पात दाखल झाले. तेथे ते प्रथम सायक्लोट्रॉन गटाचे व नंतर संशोधन विभागाचे प्रमुख होते. मे १९४५मध्ये जर्मनी शरण आल्यानंतरही आपण काम थांबविले नाही, याची खंत त्यांना पुढे कायम राहिली. युद्धानंतर त्यांनी शस्त्रसंशोधनापासून फारकत घेतली आणि अणुऊर्जेवर नागरी नियंत्रण असावे, यासाठी प्रयत्न केले.

प्रोटॉन उपचाराची कल्पना

हार्वर्ड विद्यापीठासाठी नव्या सायक्लोट्रॉनचा आराखडा करताना विल्सन यांचे लक्ष प्रोटॉनच्या एका गुणधर्माकडे गेले. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात आणि वाटेतील निरोगी ऊतींनाही इजा करतात. प्रोटॉन मात्र आपली बरीचशी ऊर्जा प्रवासाच्या अखेरीस सोडतो व तेथेच थांबतो. ऊर्जेच्या या उच्चांकास ब्रॅग शिखर म्हणतात. प्रोटॉनची ऊर्जा योग्य निवडल्यास हे शिखर नेमके गाठीवर आणता येईल व पलीकडचे अवयव वाचतील, असे त्यांनी रेडिऑलॉजी या नियतकालिकातील लेखात दाखवून दिले. बर्कले येथे १९५४ साली पहिल्या रुग्णावर प्रोटॉनचे उपचार झाले.

फुफ्फुसाचा कर्करोग व दुष्परिणाम

फुफ्फुसाच्या कर्करोगात या पद्धतीचा कस लागतो. हृदय, अन्ननलिका व मज्जारज्जू गाठीच्या जवळ असल्याने प्रोटॉनचे थांबणे येथे मोलाचे ठरते. परंतु श्वासाबरोबर गाठ हलते, आणि हवेने भरलेल्या विरळ ऊतीत प्रोटॉन अधिक खोल जातो. त्यामुळे अंदाज थोडा चुकला, तरी मारा गाठीवर कमी व निरोगी भागावर जास्त होऊ शकतो. म्हणून श्वासाच्या निरनिराळ्या अवस्थांतील प्रतिमा घेऊन उपचाराची आखणी करतात. उपचार चालू असतानाही गरजेप्रमाणे पुन्हा स्कॅन करून ती सुधारतात.

थकवा, त्वचेचा दाह, अन्ननलिकेच्या दाहामुळे गिळताना वेदना आणि फुफ्फुसदाह हे दुष्परिणाम या उपचारातही संभवतात. फुफ्फुसदाहाची लक्षणे (कोरडा खोकला, दम लागणे, ताप) उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही दिसू शकतात. ती दिसताच डॉक्टरांना कळविणे आवश्यक असते. ह्यूस्टन व बॉस्टन येथील रुग्णालयांनी मिळून केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत प्रोटॉनमुळे हृदयावरील मारा कमी झाला. परंतु तीव्र फुफ्फुसदाहाच्या प्रमाणात आधुनिक क्ष-किरण उपचाराच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. हा उपचार प्रत्येक रुग्णाला अधिक सुरक्षित ठरेलच, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

उत्तरायुष्य

१९४७ ते १९६७ या काळात विल्सन यांनी कॉर्नेल विद्यापीठातील अणुकेंद्रीय अभ्यास प्रयोगशाळेचे नेतृत्व केले. नंतर शिकागोजवळ उभ्या राहिलेल्या फर्मीलॅबचे ते पहिले संचालक झाले. तेथील इमारतींच्या रचनेत त्यांनी लक्ष घातले, स्वतः शिल्पे घडविली आणि परिसरात गवे आणले. पुरेसा निधी मिळत नसल्याच्या निषेधार्थ त्यांनी १९७८ साली राजीनामा दिला. त्यांना १९७३मध्ये राष्ट्रीय विज्ञान पदक व १९८४मध्ये एन्रिको फर्मी पुरस्कार मिळाला.

कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे १९९० साली रुग्णालयातील प्रोटॉन उपचार केंद्र सुरू झाले. त्याचा त्वरक फर्मीलॅबमध्येच तयार झाला होता. आज भारतात चेन्नई आणि नवी मुंबईतील खारघर येथेही हा उपचार उपलब्ध आहे. विल्सन यांचे दफन फर्मीलॅबच्या आवारातील जुन्या दफनभूमीत करण्यात आले.