बैलगाडीतून विधिमंडळापर्यंत

वॉशिंग्टनच्या संसद भवनात अमेरिकेतील प्रत्येक राज्याला आपल्या दोन मान्यवरांचे पुतळे ठेवण्याचा मान आहे. युटा राज्याचा एक पुतळा ब्रिगहॅम यंग यांचा. मॉर्मन पंथाच्या हजारो अनुयायांना वाळवंटापार नेऊन वसविणारे ते पुढारी. दुसरा पुतळा दूरचित्रवाणीचे संशोधक फिलो फार्न्सवर्थ यांचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची जागा एका स्त्रीच्या पुतळ्याने घेतली. डॉ. मार्था ह्यूज कॅनन हे तिचे नाव. यंग यांच्या हाकेला ओ देऊन आलेल्या एका गरीब कुटुंबाची ही मुलगी अमेरिकेतील राज्य सिनेटवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली. ज्या श्रद्धेने तिला घडविले, त्याच श्रद्धेची मोठी किंमतही तिने आयुष्यभर मोजली.

मार्थांचा जन्म १ जुलै १८५७ रोजी वेल्समधील लॅन्डुडनो या किनारपट्टीच्या गावाजवळ झाला. वडील पीटर ह्यूज आणि आई एलिझाबेथ यांनी मॉर्मन पंथ स्वीकारला होता. त्या काळी हा पंथ अमेरिकेतच बदनाम आणि छळाचा धनी झाला होता. संस्थापक जोसेफ स्मिथ यांची १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील तुरुंगात जमावाने हत्या केली. १८४६ मध्ये अनुयायांना नॉव्हू हे आपले शहर सोडावे लागले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये यंग यांची पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली. तिथून मग युरोपातील अनुयायांना बोलावणी जाऊ लागली. गरिबांच्या प्रवासासाठी १८४९ मध्ये एक कायमस्वरूपी निधी उभारण्यात आला. १८६९ मध्ये रेल्वेमार्ग पूर्ण होईपर्यंत सुमारे सत्तर हजार लोक बैलगाड्यांतून, हातगाड्या ओढत आणि पायी या खोऱ्यात पोहोचले.

ह्यूज कुटुंब १८६० मध्ये लिव्हरपूलहून जहाजाने न्यूयॉर्कला आले. पीटर यांची प्रकृती ढासळलेली होती आणि हाती पैसा नव्हता. त्यामुळे पुढच्या प्रवासासाठी कुटुंबाला काही काळ थांबावे लागले. १८६१ मध्ये ते एका तांड्याबरोबर पश्चिमेकडे निघाले. मिसुरी नदीपासून सॉल्ट लेकपर्यंतचे अंतर सुमारे सोळाशे किलोमीटरचे. आजारी पीटर गाडीत पडून असत, तर एलिझाबेथ यांनी बरीचशी वाट पायीच तुडवली. वाटेत मार्थांची चिमुकली बहीण ॲनी दगावली. तिला माळरानातच पुरून तांडा पुढे सरकला. सप्टेंबरमध्ये कुटुंब सॉल्ट लेकला पोहोचले आणि तीनच दिवसांत पीटर यांनीही प्राण सोडला. ज्या भूमीसाठी त्यांनी घरदार सोडले, तिथे त्यांना तीन दिवस मिळाले. मार्था तेव्हा चार वर्षांच्या होत्या.

एलिझाबेथ यांनी पुढे जेम्स पॉल या विधुराशी विवाह केला. हे सावत्र वडील मनाने मोठे निघाले. डॉक्टर होण्याचा मार्थांचा हट्ट त्यांनी मोडून काढला नाही, उलट त्याला बळ दिले. बहीण आणि वडील यांच्या मृत्यूशी या ध्यासाचा धागा मार्थांचे चरित्रकार जोडतात. चौदाव्या वर्षी त्या शाळेत शिकवू लागल्या. नंतर त्यांनी मुद्रणालयात खिळे जुळवण्याचे काम पत्करले. 'विमन्स एक्स्पोनंट' या मॉर्मन स्त्रियांच्या नियतकालिकाचे खिळेही त्यांनी जुळवले. मिळालेल्या पगारातून शिक्षणासाठी पैसे बाजूला पडत गेले.

येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यायला हवा. बहुपत्नीकत्वामुळे मॉर्मन समाज उर्वरित अमेरिकेत मागासलेला म्हणून हिणवला जाई. मात्र स्त्रियांनी वैद्यक शिकावे, असा आग्रह खुद्द यंग यांनीच धरला होता. युटातील स्त्रियांना १८७० मध्येच मतदानाचा हक्क मिळाला होता. एलिस शिप या मॉर्मन गृहिणीने १८७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली. याच महाविद्यालयातून १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या.

मार्थांनी मिशिगन विद्यापीठाची वाट धरली. १८८० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वाढदिवशी, त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. त्यानंतर फिलाडेल्फियात त्यांनी औषधशास्त्राचे आणि वक्तृत्वाचेही शिक्षण घेतले. आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्या त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, मार्था सॉल्ट लेकला परतल्या होत्या. तेथे नव्याने सुरू झालेल्या डेझरेट रुग्णालयात त्या निवासी डॉक्टर झाल्या.

रुग्णालयाच्या कारभाराशी संबंधित असलेले अँगस कॅनन मार्थांहून तेवीस वर्षांनी मोठे होते. तेही स्थलांतरित कुटुंबातलेच. १८४२ मध्ये लिव्हरपूलहून येताना त्यांच्या आईचे जहाजावरच निधन झाले होते. ऑक्टोबर १८८४ मध्ये मार्था त्यांच्या चौथ्या पत्नी झाल्या. हा विवाह गुप्त ठेवावा लागला, कारण दोनच वर्षांपूर्वी संसदेने एडमंड्स कायदा करून बहुपत्नीकत्वाविरुद्ध कंबर कसली होती. १८८५ मध्ये अँगस यांना तुरुंगात जावे लागले. त्याच वर्षी मार्थांना मुलगी झाली. आता ही मुलगीच पित्याविरुद्धचा पुरावा ठरण्याची भीती होती. शिवाय मार्थांनी अशा अनेक घरांतील बाळंतपणे केली होती. न्यायालयाने साक्षीला बोलावले असते, तर कित्येक कुटुंबांतील पुरुष गजाआड गेले असते.

म्हणून १८८६ मध्ये तान्ह्या मुलीला घेऊन मार्थांनी देश सोडला. आईवडील ज्या इंग्लंडमधून आशेने निघाले होते, तिथेच मुलगी लपण्यासाठी परतली. जवळपास दोन वर्षे त्या युरोपात नाव लपवून फिरत राहिल्या. या काळातील पती-पत्नीचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातून एकटेपण, पैशाची चणचण आणि अन्य पत्नींविषयीची असूया लपत नाही. बहुपत्नीकत्वावरील त्यांची निष्ठा ढळली नाही, पण त्याची झळ त्यांनी झाकूनही ठेवली नाही.

परतल्यावर त्यांनी पुन्हा दवाखाना थाटला आणि परिचारिकांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केले. दरम्यान १८८७ च्या कायद्याने युटातील स्त्रियांचा मताधिकार हिरावला गेला होता. तो परत मिळविण्याच्या चळवळीत त्या उतरल्या. १८९० मध्ये मॉर्मन धर्मपीठाने नवे बहुपत्नी विवाह थांबविण्याचे जाहीर केले. जानेवारी १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला आणि नव्या राज्यघटनेने स्त्रियांना मताधिकारही परत दिला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य सिनेटची निवडणूक झाली. सॉल्ट लेक परगण्याच्या पाच जागांसाठी दोन्ही प्रमुख पक्षांचे प्रत्येकी पाच उमेदवार रिंगणात होते. मार्था डेमोक्रॅटिक पक्षाच्या, तर अँगस रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते. ज्या नियतकालिकाचे खिळे मार्थांनी एकेकाळी जुळवले होते, त्याच्या संपादिका एमेलिन वेल्स यादेखील रिपब्लिकन पक्षाकडून उभ्या होत्या. पाचही जागा डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकल्या. पत्नी सिनेटर झाली, पती आणि जुन्या संपादिका पराभूत झाल्या.

मार्थांनी सभागृहात डॉक्टरचीच नजर ठेवली. मूकबधिर आणि अंध मुलांच्या सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक त्यांनी मांडले. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्री कामगारांना बसण्याची सोय मिळावी, यासाठी दुसरे मांडले. साथीच्या रोगांना आळा घालण्यासाठी राज्य आरोग्य मंडळ स्थापन होण्यामागेही त्यांचा पुढाकार होता. या मंडळाच्या पहिल्या सदस्यांमध्ये त्यांचा समावेश झाला.

१८९९ मध्ये, सिनेटर असतानाच, त्यांना तिसरे अपत्य झाले आणि जुने वादळ पुन्हा उठले. अँगस यांना अटक होऊन दंड झाला. मार्थांची राजकीय कारकीर्द मात्र तिथेच आटोपली. अँगस १९१५ मध्ये वारले. मार्थांनी उत्तरायुष्य कॅलिफोर्नियात मुलांजवळ काढले आणि तिथेही रुग्णसेवा सुरू ठेवली. १० जुलै १९३२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. सॉल्ट लेकच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

युटात दरवर्षी २४ जुलैला त्या पहिल्या स्थलांतरितांचे स्मरण केले जाते. त्या दिवशी घरोघरी पूर्वजांच्या बैलगाड्यांच्या कथा सांगितल्या जातात. या कथा बहुधा खोऱ्यात पोहोचल्यावर संपतात. ह्यूज कुटुंबाची कथा तिथे सुरू झाली. वडिलांना नव्या भूमीत तीन दिवस लाभले. त्यांच्या मुलीने त्याच भूमीतील मुलांच्या, कामगार स्त्रियांच्या आणि रुग्णांच्या हिताचे कायदे घडविले. वॉशिंग्टनमध्ये आता तांड्याच्या पुढाऱ्याबरोबरच तांड्यातून आलेली ती मुलगीही उभी आहे.